पेजिनेशन (लांब यादी पेजेसमध्ये तोडून दाखवणं) लिहायला बसण्याआधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी डेटा कापायचा कुठे ते ठरवा. दोन-तीनशेच रेकॉर्ड असतील आणि फार वाढणार नसतील तर अख्खा अ‍ॅरे (म्हणजे पूर्ण यादी) एकदाच ब्राउझरमध्ये आणा आणि तिथेच स्लाइस करा, म्हणजे हवा तेवढा तुकडा कापा, बिनधास्त, सर्च आणि सॉर्ट पण पटापट होतं. पण लाखभर रेकॉर्ड ओढून आणायचे आणि दाखवायचे २०, हे नको, कारण नेटवर्क आणि मेमरी तेवढीच खर्च होते, युजरला फक्त बटणं दिसतात.

मग गणित एकदा कागदावर करा. पेज १ पासून मोजत असाल तर सुरुवात म्हणजे पेजमधून १ वजा आणि त्याला साइजने (एका पेजवर किती रेकॉर्ड) गुणायचं, म्हणजे २० च्या साइजला तिसरं पेज स्लाइस ४० ते ६०, आणि त्यातला ६० नंबरचा इंडेक्स (० पासून मोजलेली जागा) येत नाही, ५९ वरच थांबतं. एकूण पेजेस काढताना सीलच (वरचा पूर्णांक) वापरा, ४१ रेकॉर्डची ३ पेजेस होतात, फ्लोअर (खालचा पूर्णांक) केलं की शेवटचा रेकॉर्ड कुणाला कधी दिसणारच नाही. यूआरएलमधला पेज नंबर स्ट्रिंग असतो हे पण लक्षात असू द्या, जावास्क्रिप्टमध्ये त्या '२' मध्ये १ मिळवला की २१ येतात.

आता खरा मुद्दा, सॉर्टिंग. लोक बटणांचं डिझाइन आधी करतात आणि क्रम पक्का करायचं राहूनच जातं. क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) नसेल तर डेटाबेस कुठल्याही क्रमाने रो (म्हणजे रेकॉर्ड) देऊ शकतो, आणि फक्त तारखेवर सॉर्ट केलं तरी एकाच वेळेचे पाच रेकॉर्ड असले की त्यांचा आपसातला क्रम प्रत्येक क्वेरीला बदलू शकतो, मग तोच रेकॉर्ड दोन पेजेसवर दिसतो आणि दुसरा कुठेच नाही. म्हणून तारखेच्या जोडीला आयडी हवाच, आणि त्या दोन्ही कॉलमवर मिळून एक डेटाबेस इंडेक्स (पटकन शोधायची सूची).

लिमिट-ऑफसेट (पहिले इतके सोडा, पुढचे इतके द्या) सोपं आहे, अ‍ॅडमिन पॅनेलला चालतं. पण ऑफसेट १,००,००० दिला की डेटाबेस आधीचे लाख रो वाचतो आणि टाकून देतो, त्यामुळे जितकं खोल जाल तितकं स्लो. शिवाय नवीन आधी अशी लिस्ट असेल आणि युजर पहिलं पेज वाचत असताना वर एक रेकॉर्ड आला, तर पहिल्या पेजवरचा शेवटचा रेकॉर्ड दुसऱ्या पेजवर परत दिसतो, आणि वरचा एखादा डिलीट झाला तर एक गळतो. सतत वाढणाऱ्या फीडला कर्सरच घ्या, म्हणजे शेवटच्या रेकॉर्डची तारीख आणि आयडी पाठवायचे आणि त्याच्या पुढचे मागायचे. यात थेट ५७ व्या पेजवर उडी मारता येत नाही, ते क्लायंटला आधीच सांगून ठेवा. अजून एक बारीक गोष्ट, पोस्टग्रेस हा डेटाबेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतो आणि जावास्क्रिप्टची डेट मिलिसेकंदापर्यंतच, कर्सर त्यातून गेला की शेवटचे तीन आकडे उडतात आणि रेकॉर्ड गळतात किंवा रिपीट होतात, तेव्हा ती वेळ स्ट्रिंग म्हणूनच फिरवा.

एकूण आकडा खरंच हवाय का ते विचारा, मोठ्या टेबलवर काउंट (सगळे रेकॉर्ड मोजणं) महाग पडतो. नुसतं 'पुढे' बटण असेल तर २० ऐवजी २१ मागवा, एकविसावा आला तर पुढे आहे, तो दाखवायचा नाही. लिमिटला सर्व्हरवर कमाल मर्यादा घाला, नाहीतर कोणीतरी दहा लाख मागणारच.

फिल्टर बदलला की पेज १, शेवटच्या पेजवरचा एकमेव रेकॉर्ड डिलीट झाला की एक पेज मागे. आणि टेस्ट डेटामध्ये एकाच तारखेचे निदान दोन पेजेस भरतील इतके रेकॉर्ड मुद्दाम टाका, सगळी पेजेस फिरून आयडी गोळा करा, एकही रिपीट नको आणि एकही कमी नको.