बॉक्स्टरच्या पुढच्या हवेच्या तोंडांना जाळी

पोर्शे बॉक्स्टर ९८६ (बॉक्स्टरची पहिली पिढी) या गाडीच्या पुढच्या बंपरमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणाऱ्या नळ्यांची जाळी) असतात. मधल्या फटीत पाला साचतो, ओला राहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. पाला आत जाऊ नये म्हणून बंपरमधल्या हवेच्या तोंडांना जाळी लावायची; पण आधी व्हॅक्यूमने फट साफ करा, नाहीतर जाळी लावून कचरा आतच कोंडाल.

पुठ्ठ्याचा साचा कापा; तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघा. अ‍ॅल्युमिनियमची जाळी घ्या, भोकं साधारण ६ मिमी. फार बारीक जाळीत चिखल बसतो, हवा अडते. कडा १५ मिमी जादा ठेवून मागे दुमडा, बंपरच्या पट्ट्यांना काळ्या झिप टायने बांधा. स्क्रू नकोच. कंडेन्सरपासून निदान १० मिमी लांब ठेवा. टेकलेली जाळी थरथरून नळ्या घासते, मग गॅस गळतो.