एन्झाइमला दोष देण्याआधी या चुका टाळा

बडोद्यातल्या प्रयोगशाळेत शिकवताना, विशेषतः पावसाळ्यात, 'मॅडम, एन्झाइमच खराब निघाले' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कानी पडताच मी प्रथम पाण्याची चौकशी करते.

लायपेज हे एन्झाइम वापरून, कॅप्रोलॅक्टोनचे लहान रेणू साखळीत जोडून पॉलिएस्टर बनवताना पाण्याचा प्रत्येक रेणू एक नवी साखळी सुरू करू शकतो. १० ग्रॅम कॅप्रोलॅक्टोनमध्ये ०.१ ग्रॅम पाणी शिरले आणि ते सगळे साखळ्या सुरू करण्यात खर्च झाले, तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला सरासरी सोळाच एकके येतात, म्हणजे रेणुभार जेमतेम १,८००. तेच पाणी ०.०१ ग्रॅमवर आणले, तर तो १८,००० च्या घरात जातो. एका जुलैत आमच्या एका विद्यार्थ्याने शीतकपाटातून लायपेज बसवलेल्या मण्यांची बाटली काढून तत्काळ उघडली, आणि झाकणाच्या आत दव धरले. पुढचे तीन आठवडे त्याने एन्झाइम वाढवले, तापमान ७० वरून ९० अंशांवर नेले, तरी थंड मिथेनॉलमध्ये ओतल्यावर लांब साखळ्यांच्या पांढऱ्या तंतूंऐवजी काचकांडीला चिकटणारा, आखूड साखळ्यांचा मेणचट गाळच हाती येई. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवणे, मणी निर्वात शोषकपात्रात फॉस्फरस पेंटॉक्साइडवर रात्रभर सुकवणे आणि टोल्यूइन हे द्रावक पाणी शोषणाऱ्या रेणुचाळणीवर ठेवणे, एवढे केल्यावर पुढच्याच खेपेस तंतू मिळाले. मात्र घाईने मणी ओव्हनमध्ये भाजू नयेत. एन्झाइमची घडण टिकण्यासाठी त्याला घट्ट धरलेले थोडे पाणी लागतेच.

चुंबकीय ढवळणीने मण्यांचे पीठ होते; मी संथ हलवणारे यंत्रच वापरते.

प्रथिने तोडताना अधीरपणा अधिक नडतो. ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे एन्झाइम ८ च्या आसपासच्या पीएचला उत्तम काम करते, आणि त्याच स्थितीत स्वतःलाही खाते. सकाळी त्याच पीएचच्या बायकार्बोनेटमध्ये विरघळवून दुपारी जेवून आल्यावर ते वापरणाऱ्यांना हे सांगून मी थकले आहे. मी ते १ मिलिमोलर, म्हणजे अगदी विरळ, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बर्फात ठेवते, लहान कुप्यांत वाटून गोठवते, आणि एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवत नाही. पचन तासाभरात उरकावे म्हणून प्रथिनाच्या पन्नास भागांस एक भाग या प्रमाणाऐवजी पाच भागांस एक भाग ट्रिप्सिन घालणे हा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही: मग तुकड्यांची वस्तुमाने दाखवणाऱ्या वस्तुमान वर्णपटात ८४२.५ आणि २२११.१ ही डुकराच्या ट्रिप्सिनचीच शिखरे उंच दिसतात, आणि आपल्या प्रथिनाची त्यांच्याखाली दबतात.

प्रथिन उलगडण्यासाठी युरिया घातलेले द्रावण ३७ अंशांपलीकडे तापवू नये, कारण युरियामुळे प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर कार्बामिल गट बसला की ट्रिप्सिन तेथे कापत नाही. ट्रिस या, पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणाचा पीएच प्रयोगाच्या तापमानालाच जुळवावा. २५ अंशांना ८ असलेला पीएच ३७ अंशांना सुमारे ७.७ होतो. पपईतले पपेन हे एन्झाइम सिस्टीनसारख्या क्षपणकाशिवाय सुस्त राहते. ट्रिप्सिनला स्थैर्य देण्यासाठी कॅल्शियम घालणार असाल, तर फॉस्फेटचे द्रावण वापरू नये, कारण दोन्ही मिळून साका धरतो आणि कॅल्शियम तळाशी बसते.