रिंग वाजते पण आवाज नाही? आयपी फोनची एबीसीडी

आमच्या ऑफिसात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं आतलं फोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन, म्हणजे नेटच्या केबलवर चालणारे फोन, लावले तेव्हा पहिल्या आठवड्यात एकच रडगाणं, "अरे रिंग तर वाजते पण समोरचा ऐकूच येत नाही". तर हे आधी डोक्यात फिट करा की या फोनमध्ये रिंग आणि आवाज ही दोन वेगळी कामं आहेत. कॉल लावणं, उचलणं, ठेवणं हे सिप नावाचा प्रोटोकॉल (नेटवर बोलायची ठरलेली पद्धत) करतो, बहुतेक ठिकाणी पोर्ट 5060 वरून (पोर्ट म्हणजे नेटवरच्या दाराचा नंबर), आणि खरं बोलणं आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातं, त्याचे पोर्ट वेगळे, ॲस्टेरिस्क या फोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचे 10000 ते 20000.

घोटाळा कुठे होतो बघा. फोन सिपच्या निरोपात सांगतो, माझा आवाज 192.168.1.45 ला पाठवा. आता हा पत्ता ऑफिसच्या आतला, बाहेरच्याला तो कसा सापडणार, मग रिंग होते पण आवाज एकाच बाजूने. यावर मदत म्हणून राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं, निरोपातला पत्ता बदलून देणारं सेटिंग असतं, ते बऱ्याचदा मदतीऐवजी वाटच लावतं 😅 पहिलं ते बंद करा, फोन रीबूट करा. आमचं रडगाणं तिथेच थांबलं.

नेटचा स्पीड वाढवून घ्यायच्या भानगडीत मात्र लगेच पडू नका. जी.711 कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला जाताना येताना प्रत्येकी 87 केबीपीएसच्या आसपास लागतात, म्हणजे दहा कॉल एका एमबीपीएसमध्ये बसतात. पण आवाजाचे तुकडे करून एका कॉलची सेकंदाला साधारण 50 पॅकेट जातात आणि ती वेळेवर पोचली पाहिजेत, कोणी सीसीटीव्हीचा बॅकअप अपलोडला लावला की माणूस रोबोटसारखा बोलायला लागतो, म्हणून राउटरवर क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं सेटिंग) लावून व्हॉइसला पहिला नंबर द्या.

वायरिंग सोपं आहे. फोनच्या मागे दोन पोर्ट, इथे म्हणजे केबल खोचायच्या खाचा, असतात, लॅनवाल्यात स्विचची केबल, पीसीवाल्यात कॉम्प्युटर. आमच्याकडे एकाने टेबल आवरताना लोंबकळणारी केबल दिसली म्हणून दोन्ही पोर्टच्या केबल भिंतीतल्या नेटच्या सॉकेटातच खोचल्या, लूप झाला, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहिला, आणि अख्ख्या मजल्याचं नेट झोपलं, शोधायला अर्धा दिवस!

सिपचा पोर्ट 5060 सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, आणि एक्स्टेन्शन 101 चा पासवर्ड 101 तर अजिबात नको. बॉट (आपोआप चालणारे हॅकिंगचे प्रोग्राम) दिवसरात्र हेच ट्राय करत बसलेले असतात, एकदा घुसले की रात्रीतून परदेशी कॉल लावून बिल फुगवतात.

आणि लाईटचं. जुन्या लँडलाईनला एक्स्चेंजकडून तारेतूनच 48 व्होल्ट मिळायचे म्हणून लाईट गेली तरी फोन चालायचा. आयपी फोनला पीओई स्विचमधून, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या स्विचमधून, करंट मिळतो, म्हणजे स्विच बंद की सगळे फोन बंद. यूपीएसवर स्विच, राउटर, फायबरचा डबा (फायबर इंटरनेटचा मोडेम) आणि पीबीएक्स (कॉल जोडणारं ऑफिसचं एक्स्चेंज), चारही घ्या, आम्ही डबा विसरलो होतो.