निरीक्षण वहीतला शेरा पुढच्या पाठात कसा उतरवायचा

‘पाठ चांगला झाला. वर्गाचा सहभाग वाढवावा.’ शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठानंतर निरीक्षण वहीत (मार्गदर्शक पाठ पाहून जिथे अभिप्राय लिहितात) असा शेरा मिळाला की सही घेऊन मोकळं व्हायचं, ही सवय आधी सोडा. सहभाग कुठे कमी पडला ते त्यात नाही, त्यामुळे पुढच्या पाठालाही तोच शेरा पडतो. ‘मॅडम, हे पाठात नेमकं कुठे दिसलं?’ एवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. खुलासे देत बसू नका.

त्याहून चांगलं म्हणजे पाठाआधीच निरीक्षणाचं काम वाटून देणं. मागे बसणाऱ्या सहाध्यायाला बाकांचा आराखडा द्या. तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या जागी टिंब, त्याने उत्तर दिलं तर गोल. तास संपल्यावर कोणते बाक कोरे राहिले ते दिसतं. बहुधा मागचे आणि कडेचे.

सोलापूरच्या पूर्व भागात बरीच कुटुंबं घरी तेलुगू बोलतात, तिथल्या शाळेत कोरा बाक जपून वाचा. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला उत्तर येत असतं, ते मराठीत मांडायला वेळ लागतो. प्रश्न विचारून शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं कमी होतात, असं अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या संशोधनात आढळलं. मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करून (मुख्याध्यापकांच्या परवानगीने) आपण किती थांबतो ते मोजा. उत्तर आधी शेजाऱ्याला तेलुगूत सांगू द्या, मग वर्गाला मराठीत.

चिंतन, म्हणजे पाठात काय घडलं आणि का याची नोंद, त्याच दिवशी लिहा, दहा मिनिटांत. ‘मुलांना अपूर्णांक कळले नाहीत’ हे चिंतन नव्हे. असं लिहा: ‘१/२ + १/३ चं उत्तर तिघांनी २/५ दिलं. अंशात अंश, छेदात छेद मिळवला. मी चूक न उलगडता थेट लसावि काढायला लावला.’ यातून पुढचा पाठ आपोआप सुचतो. ‘२/५ तर १/२ पेक्षाही लहान, मग मिळवून कमी कसं झालं?’ असं मुलांनाच विचारायचं. मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्यायच्या, एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन, आणि शेवटी दोन्हींचे सहा-सहा. ३/६ आणि २/६ मिळून ५/६ हे मुलं स्वतः मोजतात.

सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाच्या) ३६ मिनिटांच्या चक्रात पाठाला ६, प्रत्याभरणाला (पाठावरच्या अभिप्रायाला) ६, पुनर्नियोजनाला १२, पुनर्पाठाला ६ आणि पुन्हा प्रत्याभरणाला ६ मिनिटं असतात. सर्वांत मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आणि नेमका तोच गाळला जातो. मग पुनर्पाठ म्हणजे पहिल्याच पाठाची उजळणी होते. या १२ मिनिटांत टाचणातला (पाठाच्या लेखी आराखड्यातला) बदललेला भाग नव्याने लिहा, नुसता मनात ठेवू नका.

आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात) पुढच्या टाचणाच्या माथ्यावर लाल शाईने एकच बदल लिहा. एका पाठात तीन बदल सांभाळताना आशयावरची पकड सुटते. तो बदल सलग तीन पाठांत निरीक्षकाला दिसला, की दुसरा घ्या.