लहान मंडळीत आपले होताना

बदलीने, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन सोलापुरात आलेल्या ख्रिस्ती माणसाला चर्च सापडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तिथल्या मंडळीचा होण्याला. चाळीस-पन्नास कुटुंबांच्या मंडळीत सगळे एकमेकांना सोयरिकीसकट ओळखत असतात, आणि आपण मात्र आशीर्वाद संपताच चप्पल घालून निघतो. मीही पहिले काही महिने तसाच निघत असे. पुढे जे उमगले, ते नव्याने येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

आधीच्या मंडळीच्या पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र आणावे आणि त्यात बाप्तिस्मा व दृढीकरण (मोठेपणी मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करण्याचा विधी) यांच्या तारखा असाव्यात. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांभोवती गर्दी असते, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या दिवसाची वेळ मागून ते पत्र त्यांच्या हाती द्यावे. तिथे किंवा बाहेर अंगणात तुम्हाला मूळ गाव विचारले जाईल. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले आणि पुढे सोलापूरपर्यंत आले. त्यामुळे नगरकडचे एखादे गाव निघाले की समोरच्याला बहुधा कोणी आत्या किंवा मामा आठवतोच. हा प्रश्न नात्याचा धागा शोधण्यासाठी असतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मात्र जुन्या सभासदांनी तो गावापाशीच थांबवावा; आडनावावरून जात चाचपण्याची सवय चर्चच्या दारातून आत येता कामा नये.

उपासनेत शेवटच्या बाकावर न बसता एखाद्या कुटुंबाशेजारी बसावे आणि ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक स्वतःचे असावे. भजन आपल्याला लहानपणापासून पाठ असले, तरी पेटी-ढोलकीवर इथे कोणती चाल धरतात ते ऐकून मगच आवाज मिसळावा. ‘आमच्याकडे असे म्हणतात’ हे वाक्य पहिले वर्षभर तरी तोंडातून निघू नये. प्रभुभोजनाच्या बाबतीतही हेच पाळावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्यामुळे एकाच चर्चसंस्थेच्या मंडळ्यांतही कुठे पुढे जाऊन गुडघे टेकतात, तर कुठे भाकर आणि प्याला बाकापर्यंत आणून देतात. शेजारचे काय करतात ते पाहावे आणि तसे करावे.

खरी जवळीक मात्र कामातून येते, आणि काम मागण्याचीही एक रीत आहे. ‘काही मदत लागली तर सांगा’ असे म्हटल्यावर कोणीही काही सांगत नाही, कारण पाहुण्याला काम सांगायला माणसे संकोचतात. त्याऐवजी ‘पुढच्या रविवारी सतरंज्या मी घालू का?’ असे नेमके विचारावे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर भर दुपारी तीन-तीन तास उपासना चालते, आणि सोलापूरच्या त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना बाकापर्यंत पाणी नेऊन देणे हे मनन सांगण्याइतकेच मोलाचे काम आहे. ज्या आजींना तुम्ही तांब्या दिला, त्या पुढच्या रविवारी तुमच्यासाठी जागा धरून ठेवतात. कापणीच्या सणाला रिकाम्या हाताने जाऊ नये. शेर-दोन शेर ज्वारी, शेंगा किंवा नारळ न्यावा, लिलावात दुसऱ्याने आणलेल्या वस्तूवर बोली लावावी, आणि साधा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पटींनी गेला तर टाळ्या वाजवण्यात मागे राहू नये.

आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभा रविवारइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही घराघरांत बोलली जाते. एखाद्या घरच्या आजी मातृभाषेत प्रार्थना करू लागल्या, तर शब्द कळले नाहीत तरी मान खाली घालून शेवटी आमेन म्हणावे. मग एकदा सभा आपल्याकडे ठेवावी. खोली भाड्याची आहे, खुर्च्या नाहीत, म्हणून थांबू नये. चटईवर बसून चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आनंदाने खाणारी ही माणसे आहेत. मयताच्या घरी मात्र आमंत्रणाची वाट पाहू नये. ओळख नसली तरी दफनविधीला जावे आणि कबरेवर मूठभर माती घालावी, कारण दुःखात कोण आले होते हे ते कुटुंब विसरत नाही.

गावाला जाणार असाल तर शेजारच्या बाकावर सांगून जावे. न सांगता दोन रविवार चुकले आणि कोणी विचारपूस करायला दारात आले, तर ‘सहजच, जमले नाही’ म्हणून त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये. आत बोलवावे, आजारपण असो की पैशाची ओढाताण, खरे कारण सांगावे, आणि ‘प्रार्थना करू का?’ असे त्यांनी विचारले तर स्वयंपाकघरातल्या माणसांनाही बाहेर बोलवून घ्यावे.