एक्सलेटर दाबला की गाडी थरथरते? पार्ट बदलायच्या आधी एवढं बघा

सिग्नलला उभी असताना गाडी एकदम शांत, सपाट रस्त्याला पण तक्रार नाही, आणि फ्लायओव्हरचा चढ लागला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरायला लागतं. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत असं होत असेल तर बहुतेक वेळा एखादा सिलेंडर मिसिंग मारत असतो, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाही, आणि तो कुठला ते घरच्या पार्किंगमध्ये सापडतं. पण आधी थरथर इंजिनचीच आहे ना ते बघा, नाहीतर नवीन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा पार्ट) टाकून बसायचं आणि शेवटी निघायचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा.

मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ला न्या आणि पाय उचला. तरी थरथर तशीच राहिली तर इंजिनचा काही संबंध नाही, व्हील बॅलन्सिंग करून घ्या. पाय उचलला की थांबते, पण गिअर बदलला तरी ठराविक स्पीडलाच येते, तर एक्सलचा आतला जॉइंट झिजलेला असू शकतो, खाली वाकून रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघा. फक्त पहिल्या गिअरला क्लच सोडताना गचके बसतात तर क्लच नाहीतर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते. माउंटिंगसाठी बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा, कुणालातरी ब्रेक दाबून पहिल्यात आणि मग रिव्हर्सला क्लच किंचित सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीसमोर अजिबात नाही. इंजिन थोडं हलणारच, पण उडी मारल्यासारखं उचललं गेलं तर रबर गेलंय. (तीन सिलेंडरची गाडी आयडलला, म्हणजे उभी असताना इंजिन चालू ठेवलं की, जराशी थरथरतेच, त्यावरून घाबरू नका.)

यातलं काहीच नाही आणि स्पीड कितीही असो, जोर मागितला की थरथर येते, पिकअप पण पडलाय, तर मिसिंगच समजा. आयडलला सगळं ठीक आणि चढावरच का, तर एक्सलेटर दाबला की सिलेंडरमध्ये जास्त हवा जाते, प्रेशर वाढतं आणि त्या प्रेशरमध्ये ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं, कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग तिथेच दम टाकतो. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅसवर थरथरते आणि पेट्रोलवर टाकली की गायब, असं झालं तर लगेच किटला शिव्या देऊ नका, आधी प्लग काढून बघा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र पाय हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळतो, आणि त्यात प्लॅटिनम-पॅलेडियम असल्यामुळे नवीन कन्व्हर्टरचं बिल बघवत नाही.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. साधा ब्लूटूथवाला घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा, मोबाइलवर कोड वाचा. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलेंडर, पी०३०२ म्हणजे दोन, असं पुढे. पी०३०० आला तर कुठलाही एक पक्का नाही, मग प्लगचा सगळा सेट, हवेची गळती किंवा पेट्रोलचं प्रेशर यांच्याकडे संशय जातो. एक नंबर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूला असतो, रेनॉमध्ये उलट, फ्लायव्हीलच्या बाजूला.

समजा दोन नंबर आला. इंजिन थंड होऊ द्या, इग्निशन बंद. कॉइलचं कनेक्टर लॉक दाबून काढा, इंजिनच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, ओढाओढ केली की लॉक तुटलंच. बोल्ट बहुतेक १० चा. कॉइल थोडी फिरवून वर ओढा आणि तीन नंबरच्या कॉइलशी अदलाबदल करा. कोड पुसून परत त्याच चढावर चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, एकच विकत घ्या, चारही घ्यायला कुणी सांगितलं तर कोड दाखवा. पी०३०२ च राहिला तर कॉइलचा दोष नाही, आता प्लग. चालू इंजिनवर कॉइल उपटून बघायची जुनी सवय काही जणांना आहे, ते करू नका, हजारो व्होल्टचा झटका आहे तो.

प्लग काढायच्या आधी खड्ड्यातली धूळ फुंकून घ्या, ती आत पडली तर नवीनच दुखणं. पाना बहुतेक १६ चा, काही नव्या इंजिनांना १४. टोक फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे नीट जळत नाही, ओलं तेल म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक उभी काळी रेघ दिसते का ते उजेडात धरून बघा, ठिणगी टोकाला न जाता तिथून पळते, तो प्लग फेका आणि कॉइलचं रबरही बदला. खड्ड्यातच तेल भरलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, ते बदलल्याशिवाय नवा प्लग टाकण्यात अर्थ नाही.

नवा प्लग मॅन्युअलमधल्याच नंबरचा, गॅप, म्हणजे टोकांमधलं अंतर, तिथे लिहिलाय तेवढाच. सुरुवातीचे आटे हातानेच बसवा, अडला तर काढून परत, हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर केला की आटे गेले. शेवटी टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा), मॅन्युअलमधल्या आकड्याला.

प्लग-कॉइल नवे आणि तोच सिलेंडर अजून मिसिंग मारतोय, तर इंजेक्टर (इंधन फवारणारा) आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर हवा किती दाबून धरतो ते. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती सीट झिजून टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या वर ठेवलेली मोकळी जागा, कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, हे बरेच मेकॅनिक शेवटी बघतात, तुम्ही गॅरेजला गाडी देतानाच सांगा की आधी कॉम्प्रेशन मोजा आणि चारही आकडे लिहून द्या.