लिनक्ससाठी प्रोसेसर निवडताना

एखादं उपकरण बनवायचं नवं काम आलं की मी आधी एकच विचारतो: लिनक्स खरंच हवंय का? पंप चालू-बंद करायचा आणि दोन सेन्सर वाचायचे असतील, तर एसटीएम३२सारखा छोटा मायक्रोकंट्रोलर पुरे. वीज येताच तो कामाला लागतो. स्क्रीन, कॅमेरा, नेटवर्क एकत्र आलं, की लिनक्स. मग एमएमयू (प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी ठेवणारा भाग) असलेला प्रोसेसर घ्या, म्हणजे एआरएमच्या कॉर्टेक्स-ए मालिकेतला. मायक्रोकंट्रोलरमधल्या कॉर्टेक्स-एममध्ये एमएमयू नसतो.

गिगाहर्ट्झ शेवटी बघा. खरी डोकेदुखी रॅमची. बाहेरून डीडीआर३ रॅमची चिप जोडायची म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या ट्रॅकच्या लांब्या जुळवा, जास्त थरांचा बोर्ड करा, बीजीए (पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप) सोल्डर करून घ्या. ऑलविनर व्ही३एस या प्रोसेसरमध्ये ६४ एमबी डीडीआर२ पॅकेजच्या आतच असते आणि पायही बाहेर दिसतात. छोट्या गेटवेला (सेन्सरची माहिती नेटवर्कवर पाठवणाऱ्या उपकरणाला) तेवढी मेमरी भागते.

मोटरसारखं मायक्रोसेकंदाचं काम लिनक्सवर टाकू नका. एसटीएम३२एमपी१५७ या लिनक्स चालवणाऱ्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा कॉर्टेक्स-एम४ आहे, बीगलबोन ब्लॅक या तयार बोर्डवरच्या एएम३३५८मध्ये दोन पीआरयू, म्हणजे अशाच कामासाठीचे छोटे स्वतंत्र कोअर.

आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा! एकदा स्वस्तातली चिप घेतली, तर सोबत विक्रेत्याने जुना, स्वतःच बदललेला कर्नल दिला. इथरनेटचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणण्यात माझे चार महिने गेले. तेव्हापासून मूळ कर्नलच्या सोर्समध्ये त्या चिपची डिव्हाइस ट्री (कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) आणि ड्रायव्हर सापडले, तरच पुढे जातो. मग तयार बोर्ड आणून आठवडाभर आपलाच प्रोग्रॅम त्यावर चालवतो, आणि त्यानंतरच सर्किट काढायला बसतो.